"अरे, जोक होता!": ऑफिसमधल्या बारीक टोचण्या आणि त्यांना द्यायचं उत्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही नेहमीसारखी लेखी आवृत्ती. बोलताना जे "म्हणजे, आपलं ते, काय म्हणतात" होतं ते बरंचसं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय. ऑडिओत दोनदा गाडीचा हॉर्न येतो. घर बोईसर स्टेशनजवळ आहे, त्याला इलाज नाही.

तर आजचा विषय. पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसमध्ये कोणी विचारलं की कुठून येतोस, तर मी सांगायचो, बोईसर. मग ठरलेले दोन प्रश्न. पहिला, "विरारच्या पुढे पण लोकं राहतात का रे?" आणि दुसरा, "तिकडे तो अणुशक्तीचा प्लांट आहे ना? मग रात्री चमकतोस का?"

पहिल्यांदा मी खरंच हसलो. जोक वाईट नव्हता. दहाव्यांदा मीच आधी बोलून टाकायला लागलो, "हो, आमच्याकडे लाईट लावावीच लागत नाही." म्हणजे समोरच्याने टोचायच्या आधी आपणच टोचून घ्यायचं. चाळिसाव्यांदा मात्र मला अक्करपट्टी आणि पोफरण आठवलं. तारापूरचं केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पुढे तिसरं आणि चौथं युनिट आलं, त्यासाठी ही दोन गावं उठली. त्या गावातली मुलं माझ्याबरोबर बसायला होती. त्यांच्यासमोर हा जोक कोणी करून बघावा.

आता कोणी म्हणेल, एवढंसं काय मनाला लावून घ्यायचं. बरोबर आहे, एकेक वाक्य एवढंसंच असतं. या प्रकाराला इंग्रजीत मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात. हा शब्द १९७०च्या सुमारास चेस्टर पियर्स नावाच्या हार्वर्डमधल्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने काढला. गोऱ्या लोकांकडून कृष्णवर्णीयांना रोज जे बारीकसारीक अपमान सोसावे लागतात, त्यांना नाव असावं म्हणून. २००७ साली डेराल्ड विंग स्यू या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे तीन प्रकार पाडले. एक, उघड आणि मुद्दाम केलेला अपमान. दोन, कौतुकाच्या किंवा कुतूहलाच्या वेषातला अपमान. आणि तीन, समोरच्याचा अनुभवच खोडून काढणं: "आता कुठे राहिलीय जात? तुम्हीच सारखी काढता."

मराठीत याला शब्द काय? टोमणा म्हणता येत नाही, कारण टोमणा मारणाऱ्याला माहीत असतं की तो टोमणा मारतोय. शालजोडीतला तर आपण ठरवून, मोजूनमापून देतो. इथे बऱ्याचदा बोलणाऱ्याला पत्ताच नसतो. मला कुसळ हा शब्द पटतो. भात कापून घरी आलं की कपड्यात कुठेतरी कुसळ राहतं. दिसत नाही, रक्त येत नाही, डॉक्टरकडे जावं असंही काही नाही. पण दिवसभर लक्ष तिकडेच.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. या संकल्पनेवर टीकाही झालीय. स्कॉट लिलियनफेल्ड या मानसशास्त्रज्ञाने २०१७ साली लिहिलं होतं की व्याख्या फार सैल आहे आणि पुरावा पुरेसा नाही. तो मुद्दा मला मान्य आहे, निदान अर्धा तरी. प्रत्येक खटकलेलं वाक्य म्हणजे अत्याचार नव्हे. म्हणूनच मला या विषयात "हे नेमकं कोणत्या खान्यात बसतं" यापेक्षा "मग करायचं काय" यात जास्त रस आहे.

आणि तो रस का आला, ते सांगतो. हे सांगताना मला फार बरं वाटत नाहीये.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आली. डहाणू तालुक्यातली, वारली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. कंपनीचं नाव, तिचं नाव, काही घेणार नाही, आणि तिला विचारून हे सांगतोय. एकदा जेवताना कॉलेजच्या फीचा विषय निघाला, तिने सरळपणे सांगितलं की मला स्कॉलरशिप होती. बस, तेवढ्यावरून टीमला "कळलं". दोन आठवड्यांनी तिने एक डेमो दिला. झकास होता. आमच्याकडे एक रिपोर्ट बनायला चाळीस सेकंद लागायचे, तिने क्वेरी नीट लिहून तो तीनवर आणला. डेमो संपल्यावर आमचा लीड म्हणाला, "अरे वा! कोट्यातून येऊनसुद्धा एवढं भारी काम!"

सगळे हसले. मीही हसलो.

खासगी कंपनीत आरक्षण नसतं, हे त्या कॉलवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. ती आमच्यासारखीच कोडिंग टेस्ट आणि तीन राउंड देऊन आली होती. पण त्या एका वाक्याने तिचं काम मागे पडलं आणि तिची अ‍ॅडमिशन पुढे आली. गंमत बघा, त्याच ऑफिसच्या रिसेप्शनच्या भिंतीवर भलंमोठं वारली चित्र आहे. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर. पाहुणे आले की तिथे फोटो काढतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते डहाणूकडचेच. भिंतीवरची वारली सगळ्यांना आवडते.

त्या दिवशी संध्याकाळी अंधेरीला प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघं डहाणू लोकलची वाट बघत उभे होतो. ऑफिसात ती मला नावाने हाक मारते, सगळेच तसं करतात. स्टेशनवर मात्र आपलं गावचं नातं सुरू होतं, तिथे मी दादा.

मी म्हटलं, "त्याचं मनावर घेऊ नको. स्वभावाने चांगला आहे तो."

ती म्हणाली, "त्याचं नाही घेतलं मी. दादा, तू पण हसलास."

गाडी आली. ती लेडीज डब्याकडे गेली. बोईसरपर्यंत मी मोबाईलही काढला नाही.

आता यातून मी जे शिकलो, वाचलं, चुकलो, ते सांगतो. क्रम नीट असेल असं नाही.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की त्या क्षणी तोंडातून शब्द न फुटणं हे साहजिक आहे. डोक्यात एकदम चार प्रश्न येतात. खरंच तसं म्हणाला का? मुद्दाम म्हणाला का? मी बोललो तर काय होईल? नाही बोललो तर? एवढं होईपर्यंत मीटिंग पुढच्या तिकिटावर गेलेली असते. रात्री आंघोळ करताना मस्त उत्तर सुचतं. म्हणून त्या क्षणासाठी एकच शब्द तयार ठेवायचा: "म्हणजे?"

हसून नाही, चिडूनही नाही. न कळल्यासारखं. "म्हणजे? कळलं नाही मला." या शब्दाची ताकद अशी की आता समजावून सांगण्याचं काम बोलणाऱ्यावर जातं. आणि असे जोक समजावून सांगता येत नाहीत. समजावायला गेलं की आतलं जे आहे ते बाहेर येतं, आणि बहुतेकांना ते स्वतःच्या तोंडून ऐकायला आवडत नाही.

दुसरं, त्याच वेळी बोललंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या दिवशी चॅटवर किंवा चहाच्या टपरीवर बोललेलं बऱ्याचदा जास्त कामाचं, कारण समोरच्याला चार लोकांसमोर तोंड वाचवायचं नसतं. तिथे माणसावर नाही, वाक्यावर बोलायचं. "तू जातीयवादी आहेस" असं म्हटलं की तो आयुष्यभराचे पुरावे काढणार: माझे किती मित्र आहेत, मी कोणाच्या घरी जेवतो. "काल कोट्याचं जे बोललास ते मला लागलं, माझ्या कामावर बोलायला हवं होतंस" असं म्हटलं की पळायला जागा कमी उरते.

तिसरं, काहीच न बोलणं हाही पर्याय आहे, आणि तो भेकडपणा नाही. प्रोबेशन चालू आहे, घरी हप्ता आहे, समोरचा तुमचं अप्रेझल लिहिणार आहे. अशा वेळी कोणत्या कुसळाला हात घालायचा आणि कोणतं तसंच राहू द्यायचं, हे ज्याला टोचतंय त्यानेच ठरवायचं. सोशल मीडियावर "आवाज उठवा" म्हणणाऱ्यांनी हप्ता भरायचा नसतो.

पण बोलला नाहीत तरी लिहून ठेवा. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण होतं, आणि त्यानंतर काय झालं. ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये. याचे दोन फायदे. सहा महिन्यांनी एचआरकडे जायची वेळ आली तर "ते नेहमी असं बोलतात" यापेक्षा चार तारखा सांगणं वेगळं. आणि दुसरं म्हणजे, "मीच जास्त विचार करतेय का" हा जो प्रश्न खात असतो ना, त्याला उत्तर मिळतं. कधी लक्षात येतं की दोनदाच झालंय, सोडून देऊ. कधी लक्षात येतं की दर आठवड्याला होतंय.

मोठा प्रश्न मात्र बघणाऱ्यांचा. म्हणजे माझ्यासारख्यांचा. ज्याला टोचलं त्याने बोललं तर "फार सेन्सिटिव्ह आहे बुवा" होतं. शेजारच्याने बोललं तर तेच वाक्य जरा तरी ऐकलं जातं. म्हणून मी ठरवलं की पुढच्या वेळी बोलायचं.

पुढची वेळ यायला महिना लागला. ऑफिसात एथनिक डे होता, लीड तिला म्हणाला, "तुला काय, तू तर रोजच्याच कपड्यात ये." मी लगेच म्हटलं, "म्हणजे? कळलं नाही."

"अरे, जोक होता."

"हो, पण मला नाही कळला. सांग ना समजावून."

शांतता. एक जण खोकला. लीड म्हणाला, "सोड, चला, पुढचा मुद्दा." मला वाटलं, जिंकलो! संध्याकाळी स्टेशनवर मी जरा छाती काढूनच उभा होतो.

ती म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी मला विचारून बोल."

"का गं? बरोबरच बोललो ना?"

"बरोबर बोललास. पण तू बोलल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिवसभर तीन जणांनी येऊन विचारलं, तुला वाईट वाटलं का. मला ती क्वेरीवाली म्हणून ओळखतात असं आत्ता कुठे होत होतं."

हे कुठल्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. मदत करणाऱ्याने स्वतःच्या नावाने बोलावं, "मला हा जोक आवडला नाही" असं, तिचा वकील होऊन नाही. आणि शक्य असेल तर आधी विचारून घ्यावं की तू बोलणार आहेस, की मी बोलू, की नको बोलू. तिने नंतर एक फार साधी गोष्ट सुचवली: "मी बोलत असताना कोणी मध्ये तोडलं, तर एवढंच म्हण की तिचं पूर्ण होऊ दे." ते मी आता करतो. त्यात कोणी माझ्यावर चिडतही नाही.

लीडचं काय झालं? त्याने मला वन-ऑन-वनमध्ये विचारलं, "तू मला लोकांसमोर जातीयवादी ठरवलंस." मी सांगितलं की मी त्या वाक्याबद्दल बोललो, तुझ्याबद्दल नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या घरी हे असंच बोलतात रे." माफी वगैरे नाही. पण त्यानंतर तसं वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. माझ्याशी मात्र तो आता जरा जपून बोलतो, आधीसारखी मस्ती नाही. ती किंमत आहे, आणि मला ती जाणवते.

आता कायद्याचं, थोडक्यात. वाक्य लैंगिक स्वरूपाचं असेल तर २०१३चा पॉश कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची, आणि समितीने चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. जातीवरून बोलण्यासाठी मात्र खासगी कंपनीला अशी समिती नेमायची सक्ती नाही. तिथे कंपनीची आचारसंहिता बघायची, एचआरला बोलून नाही तर ईमेलने कळवायचं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतर समाजातल्या कोणी चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूने बोललं किंवा जातीवाचक शिवी दिली, तर १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. पण त्यात "लोकांच्या नजरेसमोर" ही अट महत्त्वाची आहे. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं त्यात बसवणं अवघड जातं, सुप्रीम कोर्टाच्या निकालांतही हा मुद्दा आलाय. "कोट्यातून येऊनसुद्धा" हे वाक्य त्या कायद्यात बसेलच असं मी सांगू शकत नाही. मी इंजिनियर आहे, वकील नाही. वकिलाला विचारा.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०२०च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. तिथल्या एका दलित इंजिनियरची तक्रार होती की त्याच्या भारतीय वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितलं, हा आयआयटीत आरक्षणातून आलेला आहे. सिस्कोने आरोप नाकारले, आणि २०२३ साली त्या खात्याने दोन मॅनेजरांवरचा खटला मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. सॅन होजे ते सिएटल, सात समुद्र ओलांडून आपण लॅपटॉपबरोबर काय काय घेऊन गेलोय, असं वाटलं मला ते वाचताना. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर.

आपल्याकडचं एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. डॉ. पायल तडवी. जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये एमडीला होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. सीनियर डॉक्टर जातीवरून छळतात असं त्या घरी सांगत होत्या, आईने तक्रारही केली होती, असं कुटुंबाचं म्हणणं. तिघींना अटक झाली, प्रकरण कोर्टात गेलं. जे आरोप आहेत ते बारीक टोचणीच्या कितीतरी पलीकडचे आहेत, दोन्ही एका मापाने मोजत नाही मी. पण "मला त्रास होतोय" हे कोणी सांगत असेल तर ते पहिल्यांदाच ऐकायचं असतं, एवढं मला त्यातून कळतं. हे वाचताना तुमच्यापैकी कोणी त्या अवस्थेत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता माझं मुसळ. हा विषय घरी जेवताना निघाला. बाबा तारापूर एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं होते. मी तावातावाने लीडबद्दल सांगत होतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली पाण्याचे जार देतो त्याचं नाव काय रे?"

मी म्हटलं, "कोण, तो भैया?"

"पाच वर्षं येतोय तो. माझ्या वयाचा आहे. तू त्याला ए भैया म्हणतोस."

इथे मराठीची एक खोच आहे, इंग्रजीत ती दिसत नाही. आपल्याकडे अपमानाला शब्द लागत नाही, तू आणि तुम्ही यातच तो होऊन जातो. बोईसरच्या बाजारात बघा. दुकानदार माझ्याशी "बोला साहेब" करतो, आणि जंगलपट्टीतून भाजी घेऊन आलेल्या साठीच्या आजीला "ए, केवढ्याला दिलीस?" ऑफिसात आम्ही सीईओला नावाने हाक मारतो, फार समानता, आणि पँट्रीतल्या माणसाला छोटू. तो छोटू दोन मुलांचा बाप आहे. कॉन्ट्रॅक्टवरचा कामगार भैया, मणिपूरची मुलगी चिंकी, आणि "तुझं मराठी ऐकायला मजा येते हं" हे ज्याच्या घरी वाडवळी किंवा वारली बोलतात त्याला. यातलं काही ना काही मी बोललोय. तुम्हीही.

आपल्याला कोणी असं दाखवून दिलं तर काय करायचं? पहिली उबळ येते ती "माझा तसा हेतू नव्हता" म्हणायची. बाबांना मी तेच म्हणालो. हेतू नव्हताच, पण त्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. पायावर पाय पडला तर आपण आधी पाय उचलतो, मग बोलतो. "हो, चुकलं, परत नाही म्हणणार" इतकं पुरतं. लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं, तो वेगळा ताप.

जारवाल्यांचं नाव मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "क्यों, कुछ शिकायत है क्या?" पाच वर्षांत नाव विचारायची वेळ तक्रारीचीच असणार, असं त्यांना वाटलं. गोंडा जिल्ह्यातले आहेत, वीस वर्षांपासून इथे. मी आता त्यांना नावापुढे जी लावून हाक मारतो. बाबा "अहो" म्हणतात, मराठीतच. त्यांना मराठी उत्तम येतं, हेही मला तेव्हाच कळलं.

पुढच्या भागासाठी तुमच्या व्हॉइस नोट हव्यात. ऑफिसात, कॉलेजात, कारखान्यात ऐकलेलं एक वाक्य, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत किंवा काय द्यायला हवं होतं. कंपनीचं नाव घेऊ नका, माणसाचंही नको. तिने, म्हणजे आमच्या क्वेरीवालीने, पुढच्या भागात स्वतः येऊन बोलायचं कबूल केलंय, पण अट घातलीय: अर्धा वेळ डेटाबेस इंडेक्सिंगवर बोलणार. मी हो म्हटलंय. भेटू.